श्रीखंडासाठी इन्व्हर्टर

एका गावात एक भोळा नवरा होता. गाव आमचंच, आणि नवरा म्हणजे मी. भोळा हे लोक तोंडावर म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझी बायको मालिनी पाडव्याला श्रीखंड करून विकते. गेल्या पाडव्याला दुपारभर लाईट गेली, फ्रीज बंद पडला आणि सगळं श्रीखंड आंबलं. गिऱ्हाईकं नावं ठेवून गेली. यंदा ती म्हणाली, "अहो, पुन्हा नासलं तर आपल्याकडे कुणी फिरकणार नाही. फ्रीज चालेल असा इन्व्हर्टर बघा."

मी बोंद्र्यांच्या विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो.

"फ्रीज केवढा आहे?" बोंद्र्यांनी विचारलं.

"माझ्या कानापर्यंत येतो."

बोंद्रे थोडा वेळ माझ्या कानाकडे बघत राहिले. "उंची नको हो. किती वॉटचा ते सांगा. मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. वस्तू नेहमी मागून बघावी, पुढून सगळ्या सारख्याच."

पटलं. परतताना चक्का सांगायला डेअरीत शिरलो. डेअरीवाले शिरगुप्पे काट्यापाशी उभे होते.

"चक्का चांगला असतो ना?"

"एक नंबर."

"जरा वळा."

"का?"

"मागून बघतो."

शिरगुप्पे वळले नाहीत. घरी मालिनीने कपाळाला हात लावला. "अहो, मागून फ्रीज बघायचा! डेअरीत बोट बुडवून जिभेला लावायचं. आंबट लागलं तर घ्यायचं नाही."

हेही पटलं. फ्रीजमागचा आकडा बघून पुन्हा बोंद्र्यांकडे गेलो. त्यांनी इन्व्हर्टर पुढे ठेवला. मी त्यावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"हे काय करताय?"

"आंबट नाही. थोडी धूळ लागतेय, पण घेऊ."

बोंद्र्यांनी इन्व्हर्टर घाईघाईने मागे ओढला. "हा नको तुम्हाला. मोठा लागेल. फ्रीजवर दीडशे वॉट असलं तरी सुरू होताना तो दणकून वीज ओढतो. लिहिलंय त्यावर जाऊ नका. निदान चौपट धरा."

मोठा इन्व्हर्टर घरी आला. बोंद्र्यांचा माणूस जोडून गेला. मालिनी खूश झाली आणि तिने मला साखरेची चिठ्ठी दिली. चिठ्ठीत पाच किलो होती. मी वीस आणली.

"लिहिलंय त्यावर जायचं नसतं," मी समजावून सांगितलं.

मालिनीने चिठ्ठीचे बारीक तुकडे केले. ती कागद फाडायला लागली की मी गच्चीवर जातो.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ती डेअरीत गेली. तिथल्या यंत्रावर श्रीखंड फेटून आणायचं होतं. निघताना तिने मला समोर बसवलं. आता ती शब्द तोलूनमापून बोलते.

"फ्रीज रिकामा करून गार करत ठेवलाय. लाईट गेली तर फ्रीजचं दार उघडायचं नाही. थंडावा निघून जातो, बॅटरी लवकर उतरते. कुणी पाणी मागेल, कुणी बर्फ मागेल. द्यायचा नाही. मी म्हटलं तरी उघडायचं नाही. कळलं?"

कळलं. भर दुपारी लाईट गेली. इन्व्हर्टर टक् करून चालू झाला, फ्रीज घुमू लागला. मी विचार केला. फ्रीजचं दार एवढंसं, त्यातून थंडावा जातो. घराचं दार तर केवढं मोठं! आणि फ्रीज घरातच. मी उठून घराला आतून कडी घातली. खिडक्याही लावल्या.

थोड्या वेळाने दार वाजलं.

"अहो, उघडा! श्रीखंड आणलंय!"

"लाईट गेलीय."

"म्हणून तर उघडा! बाहेर ऊन आहे!"

"तू म्हटलंस तरी उघडायचं नाही, असं तूच म्हणालीस."

ती ओरडली. शेजारी ओरडले. मी घामाने निथळत होतो, पण हललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा बायकोचं सांगणं अक्षरशः पाळत होतो. ऊर भरून आला होता.

संध्याकाळी लाईट आली. मी कडी काढली. उंबऱ्यापाशी मालिनी पातेली घेऊन बसली होती. डोळे रडून लाल झाले होते.

"ये, ये," मी म्हटलं. "फ्रीज बघ कसा गारेगार ठेवलाय."

ती पातेल्याकडे बघत राहिली. तेव्हा मला तिचाच धडा आठवला, आणि यावेळी अगदी योग्य जागी. मी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"आंबलंय," मी म्हटलं. "हे घेऊ नकोस."