बदकांतला हंस

"पण अप्पा, तो बदकांत जातच का नाही?"

महालिंगनं पुन्हा तेच विचारलं.

चन्नवीर स्वामी मठाच्या मागच्या पायरीवर बसून शेंगा फोडत होते. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणे; महालिंग त्यांचा चेला. समोर तळं होतं. काठच्या चिखलात मठाची बदकं चोची खुपसत होती. हंस मात्र महालिंगच्या पायाशी उभा.

हंस त्यानंच आणलेला. हमरस्त्यावरचा एक ढाबा बंद पडला, माणसं निघून गेली, आणि हा मागच्या खांबाला बांधलेलाच राहिला. नायलॉनची दोरी पायात रुतली होती. महालिंगनं ती कापली, त्याला पोत्यात घालून आणलं, जखमेला हळद लावली, कोवळी हरळी हातानं भरवली.

पाय बरा झाला. तेव्हापासून हंस त्याची पाठ सोडेना. बदक जवळ आलं, की फिस्कारून अंगावर जाई.

"त्याला माझ्याशिवाय कुणी चालत नाही, अप्पा. माझ्याच हातचं खातो."

हे सांगताना महालिंगची मान ताठ झाली. अप्पांना सोडून मी एक रात्रही कुठं राहिलो नाही, हे गावात सांगतानाही ती अशीच ताठ व्हायची.

अप्पांनी एक शेंग फोडली.

"मध्ये तू तापानं पडला होतास. तेव्हा त्यानं काय खाल्लं?"

महालिंगला आठवलं. हंस खोलीच्या दारात बसून होता. पुढ्यातली हरळी तशीच सुकली होती.

"काहीच नाही..." तो हळू आवाजात म्हणाला. "मग काय करू? तळ्यात सोडू?"

"सोडून पाहिलंस?"

"पाहिलं. लोटलं तरी माघारी येतो."

"मग तू जा."

"कुठं?"

अप्पांनी बदकांकडे बोट केलं.

महालिंगला वाटलं, थट्टा आहे. पण अप्पा हसत नव्हते.

त्यानं धोतर खोचलं आणि चिखलात जाऊन बसला. धुणं धुणाऱ्या बायका हसायला लागल्या. "अगं बया, अप्पांचा चेला बदक झाला!" बदकं पांगली. हंस मागोमाग आला आणि त्याला खेटून उभा राहिला.

महालिंग रोज जाऊन बसू लागला. आधी लाजत, मग नवलानं. बदकं दाणा पाण्यात भिजवून गिळतात. दुपारी घोळका करून झोपतात, तेव्हा कडेचं बदक एक डोळा उघडा ठेवतं. हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. हंसही पाहत होता. त्याचं फिस्कारणं कमी होत गेलं.

एकदा एक कुत्रं काठावर आलं. बदकं धावली ती थेट हंसाच्या मागं. हंसानं पंख पसरले, मान जमिनीलगत ताणली आणि असा सुटला, की कुत्रं शेपूट घालून पळालं. त्या दुपारी बदकं त्याला चिकटून झोपली.

संध्याकाळी महालिंग उठला, पाय धुतले, मठाकडे निघाला. मागं पावलं वाजली नाहीत.

तो वळला. हंस बदकांच्या कडेनं गवत खुडत होता.

"ये... ये रे..."

हंसानं मान वर केली. त्याच्याकडे पाहिलं. आणि पुन्हा गवतात घातली.

महालिंग बराच वेळ तिथंच उभा राहिला. मग पायरीवर येऊन अप्पांजवळ बसला.

"अप्पा, तो आला नाही."

"हं."

"हाक मारली, तरी नाही."

"वाईट वाटलं?"

"वाटलं..." त्यानं तळ्याकडे पाहिलं. "आणि बरंही वाटलं. हे असं कसं, अप्पा?"

अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकला.

"तुझ्याजवळ बसून मलाही बरीच वर्षं झाली. आता मी उठू का?"