शेगुला सुईणीच्या कळा

चैत्री पुनवेला सकाळी सव्वाअकरा वाजता हे सुरू झालं. त्या काळी घड्याळं नव्हती, मग वेळ कुणी पाहिली, असं तुम्ही विचाराल. पण खाडीकाठच्या माणसाला घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पुरी होते. पुनवेची तिथी पंधरावी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्या घटकेला पाणी तुडुंब भरलं आणि गढीवाल्याचा बांध फुटला. फुटला तो तिसऱ्यांदा फुटला. सगळ्या माणखार गावानं तो आवाज ऐकला.

याला किती वर्षं झाली ते कुणी मोजलेलं नाही. माझ्या सासूबाईंना हे त्यांच्या सासूनं सांगितलं आणि तिला तिच्या सासूनं. मी ऐकलं तसं लिहिते.

माणखारला तेव्हा शनिवार तेल्यांची एकवीस घरं होती. आम्ही यहुदी; आमच्या लोकांना शनिवार तेली म्हणायचे, कारण सहा दिवस तेलाचा घाणा फिरायचा आणि शनिवारी थांबायचा. शनिवारी चूलसुद्धा पेटत नसे. गावावर एका गढीवाल्याची सत्ता होती. त्याला खाडी मागे लोटून भाताची जमीन काढायची होती, म्हणून त्यानं तेल्यांना घाण्यावरून उठवलं आणि बांधावर वेठीला धरलं. पाटी पाटी माती वाहून माणसांच्या मानेची कातडी गेली. शनिवारी मात्र ते उठत नसत. चाबूक खाल्ला, पण उठले नाहीत. शेवटी गढीवाला कंटाळला आणि शनिवार सोडून दिला.

गढीवाल्याची माणसं सगळी घाटावरची. त्यांना घोडा ठाऊक, पाणी ठाऊक नाही. हे लक्षात ठेवा.

तेल्यांच्या त्या वाडीत शेगुला नावाची सुईण होती. म्हातारी, विधवा, पोटी मूलबाळ नाही. अर्धा गाव तिच्या हातात जन्मला होता, आणि खाडीपलीकडचाही अर्धा. ती फार शूर होती असं समजू नका. ती घाबरट होती असं म्हणतात. विजा चमकल्या की खाटेखाली जाऊन बसायची.

बांध फुटला आणि थोड्याच वेळात गढीवरचा सटवाजी नाईक तिच्या दारात येऊन उभा राहिला.

“म्हातारे, बांधाला जीव हवाय.”

“मातीचा बांध तो. त्याला कशाला जीव?”

“मला विचारू नकोस. भगतानं सांगितलंय. पहिलटकरणीचा मुलगा, दहा दिवसांच्या आतला. कुठल्या घरात आहे ते तुलाच ठाऊक. दिवस बुडायच्या आत आम्ही येतो, तू पोर हातात द्यायचंस. नाही दिलंस तर वाडीतली सगळीच लेकरं नेऊ.”

“आज आमचा सणाचा शनिवार आहे हो, नाईक.”

“म्हणून तर आजच. आज तुम्ही सगळे घरात सापडता,” असं म्हणून तो गेला.

शेगुलेचे दात वाजायला लागले. असं पोर वाडीत एकच होतं. रिबकाचा मुलगा सहा दिवसांचा होता. आमच्यात आठव्या दिवशी सुंता होते आणि तेव्हा नाव ठेवतात. त्याला अजून नावसुद्धा नव्हतं.

ती रिबकाच्या घरी गेली आणि तिनं सांगितलं. रिबका रडली नाही. तिनं पोराला पदराखाली घेतलं आणि इतकं घट्ट धरलं की ते ओरडलं. तिचा नवरा हसाजी भिंतीला टेकून खाली बसला. पाटी वाहून वाहून वाकलेला माणूस, तो काय करणार?

मग सगळी वाडी वडीलधाऱ्या इसाजीच्या अंगणात जमली. शेगुला म्हणाली, “सव्वापाचला पुरी ओहोटी. पुनवेचं उधाण आहे, आज खाडी तळापर्यंत उघडी पडेल. चार वाजता शिंपल्यांचा दांडा वर येतो. मी पलीकडे बाळंतपणाला त्यावरूनच जाते. तिकडे राज्य दुसऱ्याचं आहे. सगळे चला.”

इसाजी म्हणाला, “सणाचा शनिवार आहे, शेगुला. ओझं उचलायचं नाही, लांबची वाट चालायची नाही. एवढा मार खाल्ला तो कशासाठी?”

“इसाजी, तू कुठल्या वारी जन्मलास रे?”

“शनिवारी. आई सांगायची.”

“तुझ्या वेळी माझी आई सुईण होती. ती तुझ्या आईला म्हणाली का, की उद्यापर्यंत धरून ठेव बाई, आज शनिवार आहे?”

एवढ्या भीतीतही लोक हसले असं म्हणतात. इसाजी नाही हसला. मग म्हणाला, “जीव वाचवायचा असेल तर शनिवारानं वाट द्यायला हवी. पण गढीवरून दिसेल ना?”

“मध्ये तिवरांची झाडी आहे. आणि वाडीतून धूर निघाला नाही, घाणा वाजला नाही, तर कोण विचारणार? दर शनिवारी असंच असतं.”

“पाणी मध्येच फिरलं तर?” हसाजीनं विचारलं.

शेगुला म्हणाली, “ज्यानं आपल्या वाडवडिलांना मिसर देशातून सोडवताना भरला समुद्र उभा फाडला, त्याला आज तेवढेही कष्ट नाहीत. पाणी आपल्या पायांनी चाललंय. आपण फक्त निघायचं.”

आंबवलेलं त्या सणात घरात चालत नाही, म्हणून तांदळाच्या साध्या भाकरी होत्या. त्याच फडक्यात बांधल्या. कुणी भांडं घेतलं नाही, कुणी कोंबडी घेतली नाही. दारं बाहेरून ओढून घेतली. त्या दारांवर आदल्या दिवशी कापलेल्या बकऱ्याच्या रक्ताचे पंजे उठवलेले होते, जशी आमच्यात सणाची रीत आहे.

निघताना शेगुलेनं रिबकाला पुढे उभं केलं. म्हणाली, “तुझं पाऊल सगळ्यात हलकं. पायाखाली शिंपली वाजली पाहिजे. वाजली नाही की थांबायचं आणि पायानं चाचपायचं. दोन्ही बाजूंना रेंदा आहे, माणूस गिळणारा चिखल.”

“आणि तू गो, आये?”

“मी मागून येते.”

रिबकानं तिच्याकडे पाहिलं. आईला खोटं बोललेलं कळतं. पण तिच्या हातात पोर होतं, ती काय बोलणार?

कुणीतरी मागे राहायलाच हवं होतं. दार ठोठावलं आणि आतून उत्तर आलं नाही, तर नाईकाचे घोडे पाण्याच्या आधी खाडीवर पोचले असते.

शेगुला रिबकाच्या घरात शिरली, तिनं आतून कडी लावली आणि बाजेवर आडवी झाली.

तिकडे माणसं चालत होती. एकामागे एक, कुणी बोलत नव्हतं, फक्त शिंपल्या वाजत होत्या. कुठे शिंपली वाजायची थांबे, तिथे रिबका थांबे आणि मागचे सगळे श्वास धरून उभे राहात. सहा दिवसांची बाळंतीण ती, पायांवरून रक्त ओघळत होतं. मध्यावर पोरानं रडायला तोंड उघडलं, तसं तिनं चालता चालताच त्याला छातीशी लावलं. इसाजीचा एक पाय दांड्यावरून घसरला आणि मांडीपर्यंत रेंद्यात गेला. चौघांनी मिळून ओढला. पाय आला, वहाण आत राहिली. त्यानं वळून पाहिलं नाही.

सटवाजी नाईक सहा घोडेस्वार घेऊन सांगितल्यापेक्षा लवकर आला. दिवस अजून चांगला वर होता. वाडी चिडीचूप होती, पण शनिवारची वाडी तशीच असते. एवढ्यात एका घरातून किंकाळी आली. अशी किंकाळी, की घोडे मागे सरले.

“काय चाललंय गं आत?”

“पहिलटकरीण अडलीय!” शेगुला आतून ओरडली. “तुम्हाला हवं तेच पोर येतंय, नाईक! थांबा!” आणि पुन्हा किंचाळली, या वेळी बाळंतिणीच्या आवाजात.

बाळंतिणीच्या खोलीत पुरुष जात नाही. आमच्यात नाही, घाटावर नाही, कुठेच नाही. सातजण तलवारी लावून अंगणात उभे राहिले.

जिनं जन्मभर दुसऱ्यांच्या कळा ऐकल्या, तिनं त्या दिवशी त्या सगळ्या एकापाठोपाठ एक दिल्या, असं म्हणतात. आधी लांब लांब, मग जवळ जवळ. कुणाची कशी कळ होती ते तिच्या ध्यानात होतं. मध्येच ती सुईण होई आणि म्हणे, “सोस गो बाय, सोस.” मग पुन्हा बाळंतीण होई आणि आईला हाक मारी. सुरुवातीला तो देखावा होता. मग खरंच तिच्या पोटात कळ उठली, असं म्हणतात. ज्या पोटात कधी काही रुजलं नाही, त्या पोटात.

एक स्वार म्हणाला, “नाईक, दार फोडू या. किती वेळ?”

सटवाजी म्हणाला, “तू फोड. माझी बायको गावाकडं नववा महिना मोजतीय. मी नाही पाप घेणार.” मग तो दाराजवळ गेला आणि हळूच म्हणाला, “म्हातारे, सगळ्यांनाच इतका त्रास होतो का गं?”

आतल्या कळा थांबल्या. मग शेगुला म्हणाली, “सगळ्यांना नाही रे बाबा. कंबरेला कोमट तेल लावायला सांग तिला. आणि एकटी ठेवू नका.”

ऊन उतरलं. सव्वापाच झाले, पाणी फिरलं. घाटावरच्या माणसांना कोण सांगणार? दिवस पार खाली आला तेव्हा गढीवरून ढोल वाजला, गढीवाला वाट पाहत होता. मग सटवाजीनं डोळे मिटून दाराला खांदा दिला.

आत म्हातारी एकटीच होती. घामानं न्हालेली, ओठ चावून रक्त आलेलं, आवाज पार गेलेला. ना पोर, ना पोराची आई.

“पोर कुठाय?”

“सुखरूप आहे,” ती कुजबुजली. “पलीकडे पोचलं.”

त्यांनी तिला बांधलं आणि घोडे तिवरांतून खाडीवर घातले. पलीकडच्या काठावर मुंगीएवढी माणसं वर चढताना दिसत होती. दांड्यावर पाणी घोट्याएवढंच होतं. चारजणांना वाटलं, एवढ्याशा पाण्याला काय भ्यायचं? पण उधाणाचं पाणी चालत येत नाही, धावत येतं. शिंपल्या वाजेनात, घोडे रेंद्यात गेले, आणि मग पाणी त्यांच्यावरून गेलं. तिघं काठावर राहिले, त्यात सटवाजी होता. आतली गोष्ट आपल्याला कळली ती त्याच्याकडून. पुढे तोच पलीकडे येऊन इसाजीपुढे बसला आणि सगळं सांगून रडला.

आणि शेगुला? गढीवाला म्हणाला, बांधाला जीव हवा होता, हा घ्या जीव. दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीला तिला बांधाच्या भगदाडात उभी केली आणि माती लोटली. ती घाबरली होती, थरथरत होती, असं सटवाजीनं सांगितलं. मला वाटतं ते खरंच असणार. मातीनं छाती झाकली तेव्हा तिनं एकच विचारलं, “पोरानं आज दूध घेतलं असेल ना?”

दुपारी भरती आली. बांध धरून राहिला. गढीवाला हसला. मग बांधाच्या आतून कळ ऐकू आली, असं म्हणतात. एक, मग दुसरी, मग जवळ जवळ. खाडीच्या दोन्ही काठांनी ऐकली. सातव्या कळेला बांध मधोमध फाटला आणि सगळी खाडी गढीच्या शेतात शिरली. शेगुला कुणाला सापडली नाही. माती वाहायला आता माणसं उरली नव्हती. तीन पावसाळ्यांत गढी ओस पडली. त्यानंतर त्या जागी कुणी कुणी बांध घातले, पण एकही टिकला नाही.

रिबकाच्या पोराचं नाव दोन दिवसांनी पलीकडच्या काठावर ठेवलं. मुश्याजी ठेवलं. त्याची नातवंडं पुढे परत माणखारला येऊन राहिली.

आजही दोन्ही काठांवर, घर तेल्यांचं असो, आगऱ्यांचं असो की कोळ्यांचं, बाळंतिणीच्या खोलीत दाराच्या आतल्या बाजूला एक रिकामा पाट ठेवतात. त्याला शेगुलेचा पाट म्हणतात. त्यावर सासू बसत नाही, दाई बसत नाही, आणि आता आलेली नर्ससुद्धा बसत नाही. कळा सुरू झाल्या की घरातली मोठी बाई पाटाकडे बघून म्हणते, “शेगुलाआये, दार धर.” मग पोर होईपर्यंत पुरुषांपैकी कुणी, कितीही घाई असली तरी, ते दार ठोठावत नाही. माझ्या दोन्ही वेळी पाट होता. दुसऱ्या वेळी मी फार भ्याले होते, आणि मी रात्रभर त्या पाटाकडेच बघत होते.

तेव्हा बायांनो, तुमच्या ओळखीत कुणाचे दिवस भरत आले असतील आणि तिला भीती वाटत असेल, तर तिला हे सांगा. शेगुलापण घाबरत होती, हे आधी सांगा. आणि तिलाही सांगा, की पुढच्या बाईला सांग.