ढवळोबाची नवलाई

आकाशात तारे वस्तीला येऊन युगं लोटली होती, त्या काळी ढवळोबा नावाचा एक म्हातारा पांढरा तारा होता. स्वतःचं इंधन केव्हाच संपलेलं, अंग आक्रसून एवढंसं झालेलं, पण ऐट मात्र सूर्याची. त्याच्याभोवती फिरायची फुगलेली, तांबडी आरक्ताताई. तिच्या अंगावरचा वायू ढवळोबा सतत ओढून घ्यायचा आणि शालीसारखा पांघरायचा. थर जाड झाला की तो भडकायचा आणि आभाळ उजळायचं. खालचे लोक ओरडायचे, "नवा तारा उगवला!"

"ऐकलंस? नवा म्हणतात मला," ढवळोबा फुशारायचा.

"ऐंशी वर्षांतून एकदा नवा होतोस, तोही माझ्या जिवावर," ताई म्हणाली. "दर वेळी थोडा वायू तुझ्या अंगावरच राहतो. वजन बघ जरा, पेलणार नाही तुला."

"जळतेस तू माझ्यावर!"

"तारा आहे मी. जळणारच."

चिडून ढवळोबाने आणखी वायू ओढला. या खेपेला नुसता थर भडकला नाही, अख्खा ढवळोबाच मुळापासून फुटला. भर दिवसा दिसेल असा उजेड पडला. लोकांनी तोंड भरून वाहवा केली, पण ती ऐकायला ढवळोबा जागेवर नव्हता. आरक्ताताई मात्र एका हिसक्यात मोकळी झाली आणि आपल्या वाटेने निघाली. जरा बारीक झाली होती, एवढंच.