डाव्या हाताचं तीर्थ

"नानांना काहीच कळत नाही, असं म्हणता?" अंबूमाईंनी विचारलं. तीर्थाची पळी त्यांच्या हातात तशीच थांबली होती.

घडलं होतं ते असं. माईंच्या नदीकाठच्या लहानशा मठात दुपारची आरती झाली. माई तीर्थ देत देत नानांच्या चाकाच्या खुर्चीपाशी आल्या आणि नानांनी डावा हात पुढे केला. तीर्थाला डावा हात, तोही चारचौघांत! शेजारी उभ्या असलेल्या शेखरने, त्यांच्या मुलाने, तो हात चटकन दाबून खाली बसवला आणि त्यांचा लुळा पडलेला उजवा हात उचलून पुढे धरला. त्या हाताची बोटं काही मिटेनात. तीर्थ सगळं धोतरावर सांडलं.

मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने शेखर म्हणाला होता की माफ करा माई, यांना आता काही कळत नाही.

"बरं," नाना म्हणाले. अर्धांगाचा झटका आल्यापासून तेवढा एकच शब्द त्यांच्यापाशी उरला होता.

शेखर वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवायचा. मेंदू हा त्याचा हातखंडा विषय. माईंवर त्याची श्रद्धा होती, म्हणून आज त्यांचा आशीर्वाद घ्यायला आला होता. उद्या नानांना गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात ठेवायचं होतं, कायमचं. नानांना हे सांगितलेलं नव्हतं. सांगून उपयोग काय, असं त्याला वाटे.

माई पायरीवर टेकल्या. "मेंदू म्हणजे आक्रोडासारखा दिसतो, एवढंच मला ठाऊक. तुमच्या वर्गातली ढ बाई समजा आणि शिकवा."

शेखर खुलला. त्याने सांगितलं की मेंदूचे दोन अर्धे भाग असतात. डावा अर्धा उजवं अंग चालवतो आणि उजवा अर्धा डावं, कारण खाली उतरताना मज्जातंतूंचे दोर एकमेकांना ओलांडून जातात. नानांचं रक्त अडलं ते डावीकडे, पुढच्या भागात. बोलण्याची जुळवाजुळव तिथेच होते. म्हणून उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली.

"आणि दुसऱ्याचं बोललेलं समजतं, ते कुठे?"

"ते मागे. डाव्या कानाच्या जरा वर, मागच्या अंगाला."

"तिथवर पोचलाय का झटका?"

शेखरने तोंड उघडलं...

स्कॅन त्याने स्वतः उजेडावर धरून पाहिला होता. मुलांना वर्गात दाखवलाही होता. मागचा भाग स्वच्छ होता.

"नाही," तो म्हणाला.



भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्याने पलंगाशी उभं राहून सांगितलं होतं, आता नुसतं शरीर उरलंय. नानांच्या उशाशी बसून शुश्रूषागृहाला फोन केला होता, यांना काय, कुठेही ठेवलं तरी सारखंच. आणि दर वेळी नाना म्हणाले होते, बरं...

शेखरला खुर्चीकडे मान वळवायचं धैर्य होईना.

माई उठल्या. त्यांनी पळी स्वतःच्या डाव्या हातात घेतली. मागे बायकांची कुजबुज झाली, ती त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखी केली.

"नाना, हात."

नानांनी हात उचलला नाही. त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं. पुढे करू का, असं विचारल्यासारखं.

शेखर खुर्चीपाशी खाली बसला. मघाशी दाबलेला तो डावा हात त्याने आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि माईंपुढे धरला.

नानांनी तीर्थ घेतलं. एक थेंब सांडला नाही.

"नाना..." शेखरला एकेक शब्द जुळवावा लागत होता. वर्गात तासन्‌तास बोलणारा माणूस तो. "उद्याचं मी तुम्हाला विचारलंच नाही... घरीच राहाल ना?"

 तीर्थाचा ओला हात आपण आपल्याच डोक्यावरून फिरवतो. नानांनी तो मुलाच्या डोक्यावर ठेवला.

"बरं."

काही वेळाने शेखरने डोळे पुसले आणि तीर्थासाठी उजवा हात माईंपुढे केला.

माईंनी पळी पात्रात ठेवून दिली.

"तुम्हाला मिळालं की आत्ताच."