कॉम्प्युटरमधलं श्वापद

मिशन कंपाउंडच्या ख्रिस्ती देवळात पाहुणे प्रचारक ब्रदर शांतवन गरजले, "जगाच्या अंती येणारं बायबलच्या प्रकटीकरणातलं श्वापद म्हणजे हा कॉम्प्युटर. सगळं जग त्याला लोटांगण घालणार. मुलींचा कॉम्प्युटरचा वर्ग बंद करा."

आया वर्गातल्या मुलींना घरी न्यायला उठवू लागल्या. स्वतः दारोदार हिंडून जमवलेला वर्ग डोळ्यांदेखत मोडताना पाहून वर्गाच्या शिक्षिका दीनाबाई पारखे उभ्या राहिल्या.

"ब्रदर, त्या श्वापदाला आवरणार कोण?"

"स्वर्गातली सेना. माणसाची काय बिशाद?"

"मग हे ते नव्हे. दर शुक्रवारी आमचा वायरमन खांबावरचा खटका ओढतो, की हे आडवं पडतं."

देवळाचे पाळकसाहेबच आधी हसले. आयांनी मुलींना पुन्हा बसवलं.

"उद्या वर्ग भरेल," दीनाबाई म्हणाल्या. "तुम्हीही या ब्रदर. भीती वाटली, तर वायरमनला शेजारी बसवते."