येसूच्या होडीपुरती भरती

भक्तजनहो, कोंडगिरी महाराज खाडीकाठच्या केळशेत गावी एक उन्हाळा राहिले होते, तेव्हाची ही हकीकत. आमच्या मुलखाने आजही छाती फुगवून सांगावी अशी!

गावात येसू नावाची एक गाबतीण होती. मासळी विकून आली की रोज महाराजांचे अंगण सारवी. नवरा समुद्रावर गेला असता तिच्या दोन वर्षांच्या चंद्रीला कांजिण्या आल्या. फोड सुकून खपल्या धरल्या आणि सहाव्या दिवशी ताप उलटला. पोर धापा टाकू लागली.

येसू तिला घेऊन महाराजांकडे धावली. "महाराज, पानी पन घेत नाय. डोले उघडत नाय."

महाराजांनी चंद्रीच्या छातीला कान लावला. श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जात होत्या. महाराज म्हणाले, "येसू, दुखणे छातीत उतरले आहे. खाडीपलीकडे सरकारी दवाखाना आहे. आत्ताच चल."

धक्क्यावर विसाजीपंत खोत उभे होते. ते हसून म्हणाले, "देवी अंगावर आलेली पोर डॉक्टरच्या सुईखाली घालतेस? देवी कोपेल! आणि जाणार कशी? ओहोटी आहे. भरतीला चार तास आहेत. की तुझे महाराज समुद्रालाही हुकूम सोडतात?"

येसू ताठ मानेने म्हणाली, "देवी आय हाय, खोतानू. आय लेकराचा श्वास कोंडत नाय."

महाराज पुढे झाले. गुडघाभर चिखलात उतरून त्यांनी येसूच्या रुतलेल्या होडीवर हात ठेवला. "गंगामाई, लेकरासाठी ये."

आणि काय सांगावे! चिखलातून पाणी झुळझुळत वर आले. येसूची होडी डुलू लागली. शेजारच्या खोतांच्या तीन होड्या मात्र कोरड्या चिखलात कलंडलेल्याच! महाराजांनी चंद्रीला मांडीवर घेतले, येसूने वल्ही धरली, आणि होडीपुढे पाण्याची वाट उघडत गेली.

डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिले. "न्यूमोनिया आहे. लहान मुलांत कांजिण्या कधी अशा उलटतात. आणखी दोन तास गेले असते, तर मुलगी हाती लागली नसती."

आठव्या दिवशी चंद्री आईच्या कडेवर बसून गावी परतली. सारा गाव धक्क्यावर लोटला होता. खोत पागोटे काढून महाराजांच्या पायांशी वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"मी नुसता होडीत बसलो होतो, विसाजीपंत. वल्ही हिने मारली. तुमचे बोलणे ऐकूनही ही थांबली नाही."

खोत वळले, आणि साऱ्या गावासमोर त्यांनी होडीतून उतरताना चिखलाने माखलेल्या येसूच्या पावलांवर डोके ठेवले.