अंदाजाला एक ओंडका

एकदा एक वादळ भर समुद्रात येऊन अडून बसले. किनाऱ्यापासून शंभर-सव्वाशे कोसांवर ते आले आणि थांबले. ना पुढे, ना मागे. एक दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा उजाडला. धक्क्यावर धोक्याचा बावटा चढलेला होता, वेधशाळा सावध राहा म्हणून सांगत होती. पण आपण जाणार कुठे, हे त्या वादळानेच अजून ठरवले नव्हते.

किनाऱ्यावरच्या एका कोळ्यांच्या गावात मात्र त्यामुळे मोठी धमाल उडाली. गावात हवापाण्याचा नाद असलेल्या सात-आठ जणांचे एक ‘वारा मंडळ’ होते. औषधाच्या दुकानाचे मालक, निवृत्त पोस्टमास्तर, शाळेतल्या भूगोलाच्या बाई अशी मंडळी. वाचनालयाच्या ओसरीवर त्यांनी एक फळा टांगला होता आणि त्यावर ज्याच्या त्याच्या रंगाच्या खडूने वादळाचा मार्ग काढलेला होता. दर तीन तासांनी फोनवर नवा नकाशा येई, की ओसरीवर एकच गलका होई.

“ओमान! लिहून घ्या, ओमान!” औषधवाले म्हणत.

“ओमानला जाऊन ते काय खजूर आणणार आहे?” बाई हसत. “गुजरात म्हणा, गुजरात.”

“बाई, मागच्या नकाशाला तुम्हीच ओमान म्हणाला होतात,” पोस्टमास्तर बोट दाखवत.

“मागच्या नकाशाला! पत्ता बदलला की तुमचं पत्रसुद्धा दुसरीकडे जायचं ना?”

जाळी खांद्यावर टाकून येणारे-जाणारे कोळीही ओसरीपाशी थबकत आणि आपले मत ठोकून देत. मते पुष्कळ होती. उत्साहाला तर पारावार नव्हता.

या मंडळाचे प्रमुख होते एक प्राध्यापक. वय अडुसष्ट. शहरातल्या महाविद्यालयात चौतीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवून ते या गावी येऊन राहिले होते. ज्ञान मोठे, पण स्वभाव शंकेखोर. दाराला कुलूप लावले तरी चार पावले चालून परत येत आणि कुलूप ओढून पाहत. गावात एक चौऱ्याऐंशी वर्षांचे तांडेल होते. साठ वर्षे त्यांनी होडीचे सुकाणू धरले होते आणि त्यांना सहीपुरतेच लिहिता येत होते. प्राध्यापक रोज सकाळी त्यांच्या अंगणात जाऊन बसत, समुद्राविषयी विचारत आणि वहीत टिपून घेत. लोक गमतीने म्हणत, “गुरूपेक्षा शिष्याचेच केस काळजीने जास्त पिकले.”

आदल्या वर्षीच्या वादळात प्राध्यापकांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला होता. तेव्हापासून गाव म्हणे, सर सांगतील ते खरे. लोक असे म्हणू लागले आणि प्राध्यापकांची झोप उडाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी चांगुणा त्यांच्याकडे आली. तिचा नवरा वारला त्याला दोन वर्षे झाली होती. दसऱ्याला तिने नवी होडी पाण्यात उतरवली होती. दीर ती चालवी आणि आलेली मासळी चांगुणा बाजारात विकी. त्या होडीवर दोन घरांची चूल पेटत होती. सर्वांत मागून आल्यामुळे खाडीच्या तोंडाशी, अगदी बाहेरच्या अंगाला तिला जागा मिळाली होती. उद्या समुद्र चढला, तर पहिला तडाखा तिलाच बसणार होता.

“सर, एकच सांगा,” ती म्हणाली. “होडी वर ओढू का नको?”

प्रश्न साधा दिसतो, पण त्या गावात तो साधा नव्हता. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात उतरल्या, की त्या वर ओढताना खाली घालायचे ओंडके देवळामागच्या पडवीत रचून ठेवीत. ते पावसाळ्याच्या तोंडावरच बाहेर निघत. मध्येच कोणी आपल्या होडीसाठी पहिला ओंडका बाहेर काढला, तर त्याच्या होडीला गाव वर्षभर ‘घरकोंबडी’ म्हणे. धक्क्यावर, बाजारात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. चांगुणाच्या नवऱ्याच्या जुन्या होडीला एकदा हे नाव पडले होते आणि त्यावरून त्याने दोघांची डोकी फोडली होती. त्यामुळे खाडीतल्या नऊही होड्यांचे मालक मनातून धास्तावलेले होते आणि नऊही जण दुसरा कोण आधी उठतो याची वाट पाहत होते.

“दीर म्हणतो, पहिली आपली नको काढूया,” चांगुणा म्हणाली. “पण तुम्ही नक्की सांगितलंत, तर घरकोंबडी म्हणोत नाहीतर काय म्हणोत, मी काढते.”

प्राध्यापकांच्या हिशेबाने वादळ उत्तरेला, म्हणजे गावापासून दूर सरकण्याचा संभव दहांत सहा होता. ‘नको ओढू’ हे शब्द त्यांच्या जिभेवर आले, तोच उरलेले चार दत्त म्हणून समोर उभे राहिले. ‘ओढ’ म्हणावे, तर त्या सहांची लाज वाटली.

“उद्या सकाळी नक्की सांगतो,” ते म्हणाले.

“बरं,” चांगुणा म्हणाली आणि निघून गेली. तिच्या त्या ‘बरं’ने प्राध्यापकांच्या काळजात काटा रुतला. ते तडक तांडेलांच्या अंगणात गेले. म्हातारा जाळे सांधत बसला होता.

“बाबा, तुम्ही तरी सांगा. कुठे जाईल हे वादळ?”

“मला नाही माहीत.”

“पण तुम्ही साठ वर्षं समुद्रावर होतात!”

“साठ वर्षांत कधीच कळलं नाही,” तांडेल म्हणाले आणि दाताने दोरा तोडला. “सर, तुमच्या त्या मंडळात मला उद्या घ्याल का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तांडेल काठी टेकीत ओसरीवर आले. सगळे हर्षाने उठून उभे राहिले. आता म्हातारा काय तो निकाल देणार! पण तांडेलांनी फळा न्याहाळला आणि विचारले, “पैज काय लावलीत?”

“पैज?” पोस्टमास्तर गोंधळले. “तशी काहीच नाही.”

“मग तोंड चालवायला काय जातं! हे बघा, असं करू. ज्याला दिशा सांगायची असेल, त्याने देवळामागचा एक ओंडका आणून खाडीच्या उतारावर ठेवायचा. दिशा बदलली, तर आणखी एक. ओंडका नाही, तर अंदाज नाही.”

एक तरुण कोळी खो-खो हसला. “तांडेल, म्हातारचळ लागला काय? भर हंगामात ओंडके?”

“होडीसाठी कुठे म्हणतोय? पैजेसाठी म्हणतोय. का रे, ओंडका उचलत नाही का तुला?”

झाले! औषधवाल्यांनी धोतराचा काच्या मारला, “ओमान!” म्हणून आरोळी ठोकली आणि ओंडका खांद्यावर घेऊन ते घामाघूम होत उतारावर आले. “गुजरात!” म्हणून बाईंनी पदर खोचला, दोन मुलींच्या मदतीने त्यांचाही ओंडका आला. “इथंच, आपल्याच डोक्यावर!” म्हणत तो तरुण कोळी एकटाच ओंडका घेऊन धावत सुटला. तांडेल उतारावर एका दगडावर बसले होते. आलेला प्रत्येक ओंडका ते काठीने दाखवून आडवा ठेवायला लावीत. “असा नाही, असा. थोडा खाली. हां.”

दहा वाजता नवा नकाशा आला आणि निम्म्या गावाने दिशा बदलली. मग काय विचारता! टाळ्या, शिट्या, हशा. ज्यांनी कधी नकाशा पाहिला नव्हता त्या म्हाताऱ्यासुद्धा नातवंडांकरवी दिशा पाठवू लागल्या.

प्राध्यापक मात्र बाजूला उभे होते.

“सर, तुमचा ओंडका?”

“बाबा, मला खात्री नाही.”

“खात्री कोण मागतंय? ओंडका मागतोय.”

प्राध्यापकांनी “उत्तर” म्हटले आणि ओंडका आणला. तो खाली ठेवताच त्यांना शंका आली. ते परत गेले. “वायव्य” म्हणून दुसरा आणला. मग पुन्हा उत्तर. तिसऱ्या ओंडक्याला लोकांनी टाळ्या पिटल्या, पाचव्याला पोस्टमास्तरांनी त्यांच्या गळ्यात जुनी दोरी हार म्हणून घातली. सातवा ठेवताना प्राध्यापक धापा टाकत होते आणि इतक्या वर्षांत प्रथमच स्वतःच्या शंकेवर मोठ्याने हसत होते.

दुपार कलली. प्राध्यापकांनी कंबर धरून वर पाहिले आणि ते जागच्या जागी थबकले. खाडीच्या पाण्यापासून वर माडांच्या रांगेपर्यंत, हातभर अंतराने, एकामागून एक ओंडके आडवे पडले होते. एवढा वेळ त्यांना ते पैजेचे ओंडके वाटत होते. ती होड्या ओढायची वाट होती.

चांगुणालाही ती दिसली. ती पाण्याच्या कडेला उभी होती, पण पाऊल पुढे पडत नव्हते. तिचा दीर खाली मान घालून वाळू उकरत होता.

“पहिला ओंडका कोणी काढला?” तांडेलांनी खणखणीत आवाजात विचारले.

“मी!” औषधवाल्यांनी अभिमानाने हात वर केला.

“मग ठरलं. औंदाची घरकोंबडी यांची.”

“अहो, पण मला होडीच नाही!”

“तर मग दुकानाला म्हणा!”

सगळा किनारा हसून लोळला. त्या हशातच कोणीतरी माशाच्या तेलाचा डबा आणला, कोणी ओंडक्यांवर तेलाचा हात फिरवला, आणि चांगुणाच्या दिराने दोर टाकला. सर्वांत बाहेरची म्हणून तिची होडी आधी. “हैशाऽ!” चाळीस हात एकदम ताणले गेले. सूर्य बुडायच्या आत नऊही होड्या माडांच्या मुळाशी विसावल्या.

लोक पांगल्यावर प्राध्यापक तांडेलांपाशी येऊन बसले. “बाबा, ओंडके काढा असं सरळ का नाही सांगितलंत? गावाने ऐकलं असतं.”

“ऐकलं असतं आणि मग विचारलं असतं, तांडेल, नक्की ना? नक्की मला कुठे माहीत होतं? मी तुमच्यासारखाच उद्या सांगतो म्हटलं असतं.” म्हाताऱ्याने काठी वाळूत रोवली. “सर, वादळ कुठे जाईल हे वादळाचं काम. परवा अमावस्या आहे, उधाण येणार, एवढं माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरला माहीत आहे. ओमान म्हणणारा, गुजरात म्हणणारा, सगळ्यांनी बोलायचं ते बोलावं. बोलल्याशिवाय माणसाला राहवत नाही. पण कुठलीही दिशा धरली, तरी आज करायचं काम एकच होतं. शंका वाईट नाही हो. तुमची शंका घरात बसली होती, तेव्हा तुम्हाला खात होती. आज तिने सात ओंडके वाहिले.”

चार दिवसांत प्राध्यापकांनी तीसेक नकाशे पाहिले होते. भिंतीवरचे कॅलेंडर एकदाही पाहिले नव्हते.

आणि वादळ? ते कुठेच गेले नाही. ना ओमानला, ना गुजरातला, ना गावावर. जिथे अडले होते तिथेच ते विरून गेले. हा अंदाज मात्र कोणीच फळ्यावर काढला नव्हता. पण इतके दिवस घुसळलेल्या पाण्याच्या लांबच लांब लाटा अमावस्येच्या दुपारी उधाणावर स्वार होऊन आल्या आणि खाडीच्या तोंडाशी फुटल्या. चांगुणाची होडी जिथे बांधलेली असे, तिथला जाडजूड खुंट मुळापासून उपटून पाण्याने देवळाच्या पायरीशी आणून टाकला. चांगुणा कितीतरी वेळ त्या खुंटाकडे पाहत उभी होती. मग मागे वळून तिने माडाखालच्या होडीच्या नाळेवर, त्या पुढच्या टोकावर, तळवा ठेवला.

चार दिवसांनी समुद्र निवला. होड्या पुन्हा पाण्यात उतरवायच्या होत्या. ओसरीवर पैज कोणी जिंकली यावरून अजून हातघाई चालली होती. चांगुणा प्राध्यापकांसमोर येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांत हसू होते.

“सर, आता नक्की सांगा. पुढचं वादळ कधी?”

“मला माहीत नाही,” प्राध्यापक म्हणाले. हे शब्द उच्चारताना आपला आवाज कापला नाही, याचे त्यांना नवल वाटले. मग त्यांनी बाह्या सरसावल्या आणि तिच्या होडीखाली सरकवायला एक ओंडका उचलला.